ओपन म्हणजे नक्की कुणाला ओपन?

आमच्या सटाण्यात ‘ओपन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला जातीच्या दाखल्याशी संबंधित आहे, त्यात आज शिरायला नको. दुसरा अर्थ चौकातल्या फ्लेक्सवर असतो: ‘भव्य खुली टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा’. म्हणजे काय, तर अकरा पोरं गोळा करा, प्रवेश फी भरा आणि या. देवळ्याचे या, कळवणचे या, मालेगावचे या. कुणी तुमचा बाप काय करतो ते विचारत नाही. यात्रेतल्या कुस्त्यांचंही तेच. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत, ज्याच्या अंगात दम आहे त्याने शर्ट काढून आखाड्यात उतरावं. पंच जोड लावून देतात.

मंडळी, या शनिवारचा विषय मात्र क्रिकेट नाही आणि कुस्तीही नाही. विषय आहे गोल्फ. (थांबा, टॅब बंद करू नका!) कारण जगातल्या ज्या खेळाने ‘ओपन’ हा शब्द आपल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या नावात मिरवला, तोच खेळ सगळ्यात जास्त कुंपणं घालून बसलेला आहे. आपल्या देशाची राष्ट्रीय खुली गोल्फ स्पर्धा, म्हणजे इंडियन ओपन, १९६४ पासून चालू आहे. तिचा इतिहास चाळायला घेतला तर एक भलतीच गंमत हाती लागते. तीच आज सांगायची आहे.

आधी थोडं आपल्या जिल्ह्याबद्दल. बागलाणात गोल्फ नाही, असण्याचं कारणही नाही. अठरा होलच्या मैदानाला साधारण शंभर-दीडशे एकर सलग जमीन लागते. एवढी जमीन, आणि तीही नुसत्या गवतासाठी, असं एखाद्या डाळिंबवाल्याला सांगितलं तर तो पहिला प्रश्न पाणी कुठून आणणार हाच विचारेल. नाशकात मात्र गोल्फ होतं. नाशिकचा कुणीही माणूस तुम्हाला ‘गोल्फ क्लब’चा रस्ता सांगेल, आणि तिथे गेलात तर एकही गोल्फवाला दिसणार नाही. ट्रॅकवर चालणारे आजी-आजोबा, पळणारी पोलीस भरतीची पोरं, आणि क्रिकेट. रणजीचे सामनेसुद्धा तिथे झालेत. साहेब लोक तिथे गोल्फ खेळायचे म्हणून नाव पडलं, आणि साहेब गेला तरी लोकांच्या तोंडून नाव गेलं नाही.

या मैदानाचं अधिकृत नाव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला नाशकातल्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. ज्या साहेबी जगाचा तो कलेक्टर होता, त्याच जगाच्या विरंगुळ्याच्या जागेला आज त्या तरुणाचं नाव आहे. हा न्याय म्हणा किंवा योगायोग. पण एक लक्षात ठेवा, आपल्याकडे गोल्फ आलं ते राज्यकर्त्यांचा खेळ म्हणून. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सर्वांत जुना गोल्फ क्लब तो. मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ मध्ये निघाला. आपल्याकडे पहिली रेल्वे धावली ती १८५३ मध्ये, म्हणजे आगगाडीच्या आधी गोल्फ आलं!

आता ‘ओपन’ हा शब्द आला कुठून, ते बघू.

स्कॉटलंडमध्ये अॅलन रॉबर्टसन नावाचा एक जबरदस्त खेळाडू होता. तो १८५९ मध्ये वारला. आता सर्वांत भारी कोण, हा प्रश्न उभा राहिला. म्हणून १७ ऑक्टोबर १८६० ला प्रेस्टविकच्या मैदानावर आठ जणांची स्पर्धा घेतली. बारा होलचं मैदान, एकाच दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क जिंकला. बक्षीस म्हणून लाल मोरोक्को चामड्याचा पट्टा. रोख रक्कम शून्य.

हे आठ जण कोण होते? व्यावसायिक. आता व्यावसायिक म्हटलं की आपल्यासमोर टायगर वुड्स येतो. त्या काळी गोल्फचा व्यावसायिक म्हणजे क्लबचा नोकर. कुणी काठ्या बनवणारा, कुणी गवत राखणारा, कुणी साहेबांची बॅग वाहणारा कॅडी. खेळाचे मालक वेगळे, ते ‘जंटलमन’. नोकरांचे कपडे बरे दिसावेत म्हणून उमरावाने त्यांना एकसारखी चौकड्यांची जाकिटं दिली होती, असंही सांगतात. पुढच्या वर्षी, १८६१ ला, स्पर्धा हौशी खेळाडूंनाही खुली झाली आणि तिथून ती ‘ओपन’. म्हणजे गंमत बघा. ओपनचा मूळ अर्थ ‘गरिबांनाही प्रवेश’ असा नव्हताच. नोकरांच्या स्पर्धेत मालकांनाही प्रवेश, असा होता.

पण शब्द एकदा मोकळा सुटला की तो आपल्या मालकाचं ऐकत नाही. अमेरिकेत यूएस ओपन १८९५ ला सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी जॉन शिपन हा सोळा-सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय कॅडी आणि ऑस्कर बन हा मूळनिवासी तरुण यांनी नावं दिली. बाकीच्या खेळाडूंनी कुरकुर केली, हे दोघे खेळणार असतील तर आम्ही खेळत नाही म्हणाले. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅव्हमायर यांनी ठणकावलं की स्पर्धा होणार, हे दोघेच उरले तरी होणार. मग सगळे मुकाट्याने खेळले, आणि शिपन पहिल्या दहांत आला. १९१३ ला फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या हौशी पोराने, तोही पूर्वीचा कॅडीच, इंग्लंडच्या दोन दिग्गजांना हरवून यूएस ओपन जिंकली. त्याची बॅग धरणारा एडी लोवरी दहा वर्षांचा होता!

तरी क्लब हाऊसचं दार बंदच. १९२० ला इंग्लंडातल्या ओपनला अमेरिकेचा वॉल्टर हेगन आला. व्यावसायिकांना क्लब हाऊसात कपडे बदलायला परवानगी नव्हती. हेगनने एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती थेट दारासमोर लावली आणि त्यातच कपडे बदलले. मैदान ओपन, पण दार क्लोज्ड. आमच्या भाषेत सांगायचं तर ‘रीड’ची परवानगी आहे, ‘राइट’ची आहे, पण लॉगिन करायला मागच्या दाराने या.

आता येऊ भारतात.

इंडियन गोल्फ युनियन १९५५ ला स्थापन झाली. राष्ट्रीय ओपनसाठी अजून नऊ वर्षं गेली. ती सुरू होण्यामागे एका परदेशी माणसाचा मोठा हात आहे: ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. हा साधासुधा गडी नव्हे. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला माणूस. त्याच्या पिढीतले बडे खेळाडू अमेरिकेच्या पैशामागे गेले, हा आशियात रमला. पूर्वेकडच्या देशांत स्पर्धांची साखळी उभी राहावी म्हणून त्याने खटपट केली, त्यात भारतही आला. १९६४ ला दिल्ली गोल्फ क्लबवर पहिली इंडियन ओपन झाली. जिंकली कुणी? थॉमसननेच. पुढे १९६६ आणि १९७६ लाही त्यानेच जिंकली. दिल्लीच्या त्या मैदानाची फेरआखणीसुद्धा सत्तरच्या दशकात त्यानेच केली. जुन्या मकबऱ्यांच्या मधून जाणारं, मोर फिरणारं, दोन्ही बाजूंना झुडपं असलेलं अरुंद मैदान. चेंडू जरा वाकडा गेला की गेला झुडपात. हे अरुंदपण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ ला, कलकत्त्यात एक चमत्कार झाला. पी. जी. उर्फ बिल्लू सेठी या भारतीय हौशी खेळाडूने व्यावसायिकांना मागे टाकून इंडियन ओपन जिंकली. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाले तेव्हा गोल्फचा पहिला मान यांनाच मिळाला होता. ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय, आणि आजवरचा एकमेव हौशी. हौशी असल्यामुळे नियमानुसार बक्षिसाचे पैसे मात्र घेता येत नाहीत. चषक तुमचा, चेक दुसऱ्याचा.

मग पंचवीस वर्षं भारतीय नाव नाही. १९६६ ते १९९० या काळात जपान, फिलिपाइन्स, तैवान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, मेक्सिको, कॅनडा अशा देशांचे खेळाडू येऊन आपली राष्ट्रीय स्पर्धा जिंकून गेले. १९८१ चा विजेता अमेरिकेचा पेन स्टुअर्ट, जो नंतर दोनदा यूएस ओपन जिंकला आणि १९९९ ला विमान अपघातात गेला. असं नव्हे की भारतात चांगले खेळाडू नव्हते. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये लक्ष्मण सिंगने वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, संघानेही सुवर्ण जिंकलं. पण ते सगळे हौशी. घरचं बरं असलेल्या माणसाला गोल्फवर पोट भरायची गरज नव्हती, आणि ज्याला गरज होती त्याच्यासाठी देशात धड स्पर्धाच नव्हत्या.

आता सांगतो ती गंमत.

प्रत्येक क्लबात सदस्य असतात, आणि सदस्यांची बॅग वाहणारे कॅडी असतात. कॅडी म्हणजे आसपासच्या वस्तीतली पोरं. दिवसभर ऊन खात पाच-सहा मैल चालायचं, चौदा काठ्यांची बॅग खांद्यावर, साहेबाचा चेंडू शोधायचा, वारा कुठून आहे ते सांगायचं, उतार कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं. साहेबाने मारलेला वाईट फटका आपल्या सल्ल्यामुळे गेला असं साहेब म्हणाला, तर मान डोलवायची. बदल्यात मजुरी. आणि एक गोष्ट जी पैशाने विकत मिळत नाही: त्या मैदानाची इंच न् इंच ओळख. बऱ्याच क्लबांत सोमवारी मैदान सदस्यांसाठी बंद असतं. तो कॅडींचा वार. एखादी टाकून दिलेली काठी, हरवलेले आणि परत सापडलेले चेंडू, आणि ज्या गवतावर आठवडाभर दुसऱ्याची बॅग वाहिली त्यावर स्वतःचा खेळ.

१९९१ ला दिल्ली गोल्फ क्लबवर अली शेर नावाच्या तिथल्याच माजी कॅडीने इंडियन ओपन जिंकली. जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. एकदा नशिबाने होतं म्हणणाऱ्यांसाठी त्याने १९९३ ला पुन्हा जिंकली. जगभरचे खेळाडू लांब फटके मारत झुडपात जात होते, आणि हा गडी कुठे चेंडू टाकायचा हे लहानपणापासून जाणून होता. ते अरुंद मैदान म्हणजे त्याचं घरचं अंगण.

त्यानंतर रांगच लागली. १९९८ ला कोलकात्याचा फिरोज अली मोल्ला. २००२ ला लखनौचा विजय कुमार. २००९ ला बंगळुरूचा सी. मुनियप्पा, तोही प्लेऑफमध्ये कोरियाच्या खेळाडूला हरवून. हे सगळे कॅडी म्हणून या खेळात आलेले. आणि मग शिवशंकर प्रसाद चौरसिया. त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात गवत राखणारे माळी. पोरगं तिथेच वाढलं, तिथेच बघून शिकलं. इंडियन ओपनमध्ये चार वेळा दुसरा आला. २०१५ ला तर प्लेऑफमध्ये अनिर्बन लाहिरीकडून हरला. एखाद्याने नाद सोडला असता. याने २०१६ ला जिंकली, २०१७ ला परत जिंकली, आणि दुसऱ्या वेळी तब्बल सात फटक्यांनी. बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान २०१३ ला जिंकला, तोही ढाक्याच्या क्लबात चेंडू गोळा करत मोठा झालेला.

सवयीप्रमाणे मी मोजदाद केली. १९६४ ते २०२५ या काळात भारतीयांनी ही स्पर्धा तेरा वेळा जिंकली, नऊ वेगवेगळ्या खेळाडूंनी. त्यांचे तीन गट सरळ पडतात. पहिला, क्लबात पुढच्या दाराने गेलेले: सेठी आणि अर्जुन अटवाल (१९९९), मिळून दोन विजेतेपदं. दुसरा, लष्करी अधिकाऱ्यांची मुलं: ज्योती रंधावा (२०००, २००६, २००७) आणि लाहिरी (२०१५), मिळून चार. छावण्यांमध्ये गोल्फची मैदानं असतात, त्याचा हा परिणाम. तिसरा गट कॅडी आणि माळ्याच्या घरचा: अली शेर, मोल्ला, विजय कुमार, मुनियप्पा, चौरसिया. पाच माणसं, सात विजेतेपदं.

तेरातली सात! ज्या खेळाचं सदस्यत्व मिळवायला लोक वर्षानुवर्षं यादीत थांबतात, त्या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा आपण जिंकलो ती निम्म्याहून जास्त वेळा मागच्या दाराने आत आलेल्या माणसांच्या जोरावर.

आता इथे ‘बघा, गुणवत्तेला कुणी रोखू शकत नाही’ असं लिहून लेख संपवता आला असता. ऑफिसातल्या प्रेरणादायी मेलमध्ये शोभलंही असतं. पण मला ते पटत नाही. कारण पाच जिंकले त्यांच्यामागे हजारो कॅडी आहेत, जे चाळिशी-पन्नाशीतही बॅगच वाहतात. त्यांच्यात गुणवत्ता नव्हती असं कोण म्हणेल? सोमवारच्या एका दिवसात, मोडक्या काठीवर जे काही जमेल तेवढंच त्यांना मिळालं. आणि दारावरचा पहारा गेला असंही नाही. २०१७ ला दिल्लीतल्या एका नामांकित क्लबात मेघालयातल्या एक बाई पाहुण्या म्हणून जेवायला गेल्या होत्या. अंगावर पारंपरिक खासी पोशाख होता. तो मोलकरणीसारखा दिसतो म्हणून त्यांना जेवणाच्या टेबलावरून उठायला सांगितलं. १९२० नव्हे, २०१७.

शिवाय कॅडीची ही वाटसुद्धा हळूहळू बुजते आहे. अमेरिकेत ती केव्हाच बुजली. हेगन, सॅराझेन, बेन होगन, बायरन नेल्सन हे सगळे कॅडीच होते. मग बॅग वाहायला बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आल्या, खेळाडू विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांमधून येऊ लागले आणि कॅडीतून विजेता व्हायचं दार लागलं. आपल्याकडे तोच प्रवास चाळीस-पन्नास वर्षं उशिरा चालू आहे. २०१५ पासून इंडियन ओपन युरोपियन टूरचा भाग झाली. २०१७ पासून ती बहुतेक गुडगावच्या लांबलचक, अवघड मैदानावर होते. बक्षिसं वाढली, २०२४ ला एकूण रक्कम साडेबावीस लाख डॉलर होती. चौरसियाच्या २०१७ च्या विजयानंतर मात्र २०२५ पर्यंत एकही भारतीय जिंकलेला नाही. (२०२० ते २०२२ कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही.) इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, जपान, स्पेन असे पाच विजेते पाच देशांचे. आज पुढे येणारे आपले तरुण खेळाडू बहुतेक अकादमीत शिकलेले, प्रशिक्षक असलेले, घरून पाठबळ असलेले आहेत. त्यात वाईट काहीच नाही. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला तेव्हा मीही पहाटे उठून स्कोअर बघत होतो. पण अकादमीची फी हीसुद्धा एक प्रवेश फीच आहे, आणि ती फ्लेक्सवर लिहिलेली नसते.

मग ओपन म्हणजे काय? नियमात लिहिलेलं ओपन फार सोपं असतं. हे आपल्या धंद्यातल्या लोकांना कळायला हवं. कोड सगळ्यांना खुला आहे म्हणून सगळे प्रोग्रामर होत नाहीत. हातात कॉम्प्युटर लागतो, वीज लागते, आणि बसून शिकायला पोटाची चिंता नसलेला थोडा वेळ लागतो. गोल्फमध्ये त्या वेळेचं नाव सोमवार आहे.

यावर उपाय नाही असं नाही. स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजचं जगप्रसिद्ध जुनं मैदान कुठल्याही क्लबाच्या मालकीचं नाही, ते सार्वजनिक आहे. फी भरून कुणीही खेळू शकतो, आणि रविवारी तर मैदान बंद ठेवून गावातली माणसं तिथे कुत्री फिरवतात. आपल्याकडे दिल्लीत कुतुबजवळ २००० साली सरकारी विकास प्राधिकरणाने सार्वजनिक मैदान उघडलं, जिथे सदस्य नसलेला माणूसही पैसे भरून खेळतो. असं एक मैदान म्हणजे कितीतरी सोमवार. अर्थात दीडशे एकर आणि त्याला लागणारं पाणी, हा डाळिंबवाल्याचा प्रश्न तिथेही उभा राहतोच, आणि तो चुकीचा नाही.

तोपर्यंत काय करता येईल? एक छोटीशी गोष्ट. आपल्यापैकी बऱ्याच जणांना आता कंपनीच्या कृपेने कधी ना कधी गोल्फच्या मैदानावर जायची वेळ येते. क्लायंट असतो, व्हीपी असतो, टोप्या वाटतात. त्या वेळी बॅग घेऊन शेजारी चालणारा जो माणूस असेल, त्याला एवढंच विचारा: दादा, तुम्ही खेळता का, आणि तुमचा स्कोअर किती? उत्तर ऐकून आपली काठी खाली ठेवावीशी वाटेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.